नऊ नंबरचा पाय

“कॅप्टनसाहेब, बूट इतके नवे कोरे असूनही ते तुम्हाला चावत कसे नाहीत?”

प्रश्न खरं म्हणजे कुंदाचा. बक्षीस समारंभ संपत आला तेव्हा तिने तो सारजाच्या कानात सोडला आणि वर पैज लावली, “विचारून दाखव. नाही विचारलास तर उद्यापासून माझ्या डब्यातलं लोणचं बंद.” दुसऱ्या बाजूने ताहेरा बाही ओढत होती, “नको गं. मोठा माणूस आहे.” पण कुणी नको म्हटलं की सारजाच्या अंगात वारं शिरायचं. त्यातून आज तर तिचाच दिवस. वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस, हिरवं फाउंटन पेन, तिने आत्ताच कॅप्टन मालोजींच्या हातून घेतलं होतं, आणि ‘कुमारी सारजा डी. मुंगसे’ असं नाव पुकारलं गेलं तेव्हा टाळ्यांनी शाळेचे पत्रे वाजले होते. टेबलावर कंपनीच्या फुटबॉल क्लबने मुंबईहून जिंकून आणलेला चषक झळकत होता, त्याच्यामागे अकरा जण खुर्च्यांवर बसले होते, आणि पार मागे दाराशी, चषकाची लाकडी पेटी आणि चेंडूंची जाळी सांभाळत राखीव संघातले चौघे उभे होते. त्या चौघांत दुसरे सारजाचे आबा. ती उठली, खणखणीत आवाजात तिने प्रश्न विचारला, आणि सगळी शाळा खिदळली.

मालोजी कोल्हापूरचे, दिलखुलास. त्यांनी पाय पुढे करून आपले चकचकीत बूट स्वतःच एकदा निरखले आणि म्हणाले, “चावतील कसे, बाळ? आमचा दत्तोबा हाय की. बूट आला की पंधरा दिवस आधी त्याला चावतोय. त्याचं रक्त पिऊन पोट भरलं की मग गुणी होऊन माझ्याकडं येतोय.” हशा उसळला. मालोजी मागे वळले. “काय दत्तोबा, खोटं हाय काय? दाखव की पाय पोरांना.” आबांनी पेटी एका हातावर तोलली, दुसरा हात कपाळाशी नेला आणि ओशाळं हसले. पाय मात्र त्यांनी मागे घेतले, पेटीच्या सावलीत. आणि सारजा हसली. नुसती हसली नाही, मोठ्याने हसली, कारण प्रश्न तिचा होता, हशा तिने मिळवलेला होता, आणि सगळे हसत असताना एकटीनं गप्प राहिलं तर कुणीतरी विचारलं असतं, का गं? तेवढ्यात आबांनी तिच्याकडे बघितलं. अगदी पापणी लवेपर्यंत. मग त्यांनी नजर अशी काढून घेतली, जशी रस्त्यावरच्या परक्याच्या पोरीवरून काढून घेतात, आणि ते पेटीची कडी लावू लागले. कडी लागलेलीच होती.

समारंभ सुटला तरी ते हसू काही सारजाच्या तोंडातून जाईना. गोड औषधाची पुडी जिभेवर फुटावी आणि मागून कडू चव राहावी, तसं ते राहिलं. क्लबचे सेक्रेटरी उद्धवराव तिला शोधत आले, चष्म्यावरून बघत म्हणाले, “तूच ना ती मुंगसे? फार धीट आहेस. रविवारी मैदानावर क्लबचा पाच वर्षांचा समारंभ आहे, इतिहास तू वाच. असाच आवाज पाहिजे.” त्यांनी टाइप केलेली दोन पानं तिच्या हातात ठेवली. एरवी ती तिथल्या तिथे नाचली असती. आता तिने पानांची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि दप्तरात अगदी तळाशी घातली. कुंदा म्हणाली, “लोणचं पक्कं. पण काय गं, तो दत्तोबा म्हणजे केवढा विनोदी माणूस, नाही? दुसऱ्याच्या बुटात पंधरा दिवस.” आणि चिंचवड गावाच्या वळणावर हात हलवून ती गेली. कुंदाला काहीच माहीत नव्हतं. खुर्च्यांवरच्या अकरांत सारजाचे वडील कोणते, हेही पैजेच्या नादात तिने विचारलं नव्हतं. कुंदाला एवढंच माहीत होतं की सारजाचे वडील कंपनीच्या टीममध्ये खेळतात, उजवीकडून पळतात, आणि त्यांना दर हंगामाला नवे बूट मिळतात. हे तिला सारजानेच सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे काय, दाखवलंच होतं. गेल्या दिवाळीत चाळीत नेऊन, खिडकीतून, कोनाड्यात एरंडेल पिऊन चमकत बसलेले ते बूट. कुंदा म्हणाली होती, “बाई गं, केवढे मोठे.” सारजा म्हणाली होती, “नऊ नंबर. कॅप्टनचा पण नऊच आहे.” तेव्हा त्या वाक्यात तिला केवढी ऐट वाटली होती. आता मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने चालताना तेच वाक्य मागून येणाऱ्या ट्रकसारखं भोंगे वाजवत तिच्या अंगावर येऊ लागलं.

तिला सगळं दिसत होतं ना. रोज दिसत होतं. बूट घरात यायचे तेव्हा फळीसारखे ताठ असायचे. आबा ते कोमट पाण्यात बुडवायचे, ओलेच पायात घालायचे आणि कंपनीतली पाळी संपल्यावर मैदानाला फेऱ्या मारत अंगावरच वाळवायचे. घरी आले की पायांच्या कडांवर चालायचे, निखाऱ्यावरून चालल्यासारखे. आई सुई तापवून फोड फोडायची, हळद आणि खोबरेल लावायची, वर जुन्या लुगड्याची चिंधी. मग एक दिवस बूट मऊ व्हायचे, आबांच्या चालण्यात हसू यायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोनाडा रिकामा. थोड्या महिन्यांनी पुन्हा नवे, पुन्हा ताठ. मऊ झालेले बूट जातात कुठे, हे तिने कधी विचारलं नाही. सारजाने. भूगोलाच्या मास्तरांना जी विचारते की नकाशात पिंपरी का नाही, हेडबाईंना जी विचारते की मुलींनाच शिवण का, तिने. जगाला प्रश्न विचारत सुटलेली ही पोरगी आपल्या घरातल्या कोनाड्याला मात्र एक प्रश्न विचारत नाही, म्हणजे काय? म्हणजे तिला माहीत होतं का? आतून कुठेतरी, खूप आतून, माहीत होतं आणि म्हणून तिने विचारलं नाही? हा विचार आला तशी ती रस्त्यातच थांबली. सातवीत असताना ‘माझे वडील’ या निबंधात तिने लिहिलं होतं, माझे वडील कंपनीसाठी मैदानावर रक्त सांडतात. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून ‘छान’ लिहिलं होतं. निबंधात खोटं काहीच नव्हतं. तेच आता सहन होईना.

“का थांबलीस?” ताहेरा म्हणाली. ती अजून बरोबरच होती. ती नेहमी अशीच बरोबर असायची, अर्धं पाऊल मागे, आणि तिची आठवण राहायची नाही. ताहेराचे अब्बा, रहिमानचाचा, कंपनीच्या गॅरेजात मिस्त्री आणि राखीव संघात गोलकीपर. आजही दाराशी चौघांत तेही होते, चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून.

“तुला माहीत होतं?” सारजाने विचारलं.

“काय?”

“बुटांचं.”

ताहेराने तिच्याकडे नवलाने पाहिलं. “त्यात काय माहीत असायचं? सगळ्यांनाच माहीत आहे. तुझ्या आबांचा पाय नऊ, कॅप्टनचा नऊ. माझ्या अब्बांचा सात, तो मद्रासी गोलकीपर आहे ना, त्याचा सात. सगळ्यांचं तसंच. अकराला अकरा. पाय जुळले म्हणून तर घेतलं त्यांना.” मग हलकेच, “मी म्हटलं नव्हतं, नको विचारू?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू कुंदाला सांगत होतीस ना, आबा उजवीकडून पळतात म्हणून. मी तिथेच होते. म्हटलं, तुला तसं सांगायचं असेल.” एवढं बोलून ताहेराने रस्त्यावरचा खडा पायाने उडवला. तिच्या आवाजात ना राग, ना टोमणा. थोडा टोमणा असता तर सारजाला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. दोन वर्षं ही पोरगी तिचं खोटं स्वतःच्या पदराखाली झाकून चालत होती, आणि स्वतःच्या बापाचा सात नंबर तिने कधी कुणापासून लपवला नव्हता.

पाय जुळले म्हणून. ते शब्द सारजाला चढणीवर पुन्हा पुन्हा लागले आणि त्यांच्यामागून तो दिवस वर आला. तीन वर्षं झाली. चाकणकडचं शेत चुलत्यांवर सोपवून आबा कंपनीत लागले, त्याला सहा महिनेही झाले नव्हते. क्लबचे खेळाडू तोवर अनवाणी खेळायचे, सगळेच खेळायचे. मग बुटांचा नियम आला. कोल्हापूर, हैदराबाद, मद्रास असे कुठून कुठून खेळासाठीच आणलेले ते अकरा जण, कागदावर कारकून पण टेबलाशी कधी न बसलेले, पहिल्यांदा बूट घालून स्पर्धेला गेले आणि पायांची साल काढून, हरून परत आले. मोठी माणसं हे चाळीत बोलत होती, सारजाला ते नुसतं कानावरून गेलेलं. तिला आठवत होतं ते गेटाजवळचं. ती आबांचा डबा घेऊन गेली होती. पाळी सुटली होती आणि प्रशिक्षकाने कामगारांची रांग लावली होती. जमिनीवर वर्तमानपत्र. एकेकाने त्यावर उभं राहायचं, प्रशिक्षक उकिडवा बसून पायाभोवती पेन्सिल फिरवायचा आणि पट्टीने मोजायचा. आबांनी पुढे जाण्याआधी नळावर पाय धुतले, टाचांच्या भेगांतली माती अंगठ्याने काढली, आणि देवळात शिरावं तसे ते कागदावर चढले. प्रशिक्षकाने मोजलं, नऊ लिहिलं, मान वर करून हसला आणि म्हणाला, “हा घ्या.” आबा गावच्या तालमीतले, पळायला कुणाला ऐकायचे नाहीत. पण त्यांना कुणी पळायला सांगितलंच नव्हतं. चेंडूसुद्धा तिथे नव्हता. तेव्हा आठवीतही न गेलेल्या सारजाला हे कळायचं काही कारण नव्हतं, पण आता नववीत, हिरवं पेन खिशाला लावून, तिला तो नसलेला चेंडू लख्ख दिसला. आबा घरी येऊन म्हणाले होते, “कुशे, घेतलं आपल्याला टीममदी.” आईने देवापुढे दिवा लावला आणि चाळीतल्या बावीस घरांत साखर वाटली. आणि तो कागद? तो आबांनी मागून आणला होता. आईने फळीवर डब्यांखाली अंथरला. अजून आहे. मिठाचा डबा उचलला की आबांचा अंगठा दिसतो.

घर आलं तेव्हा ऊन चाळीच्या पत्र्यावरून उतरत होतं. कुशाबाई दारात तांदूळ निवडत होती. “आली का वकिलीणबाई,” ती म्हणाली. सारजा शाळेतलं शुद्ध घरातही बोलू लागल्यापासून आईने हे नाव ठेवलं होतं. “मिळालं का पेन?” सारजाने पेन काढून दिलं. कुशाबाईने ते लुगड्याला पुसलं, उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “आनि ह्यांच्या सायबानं दिलं म्हनं. म्हंजी ह्यांनी बगितलं आसंल की. काय म्हनलं गं तुजं आबा?”

“काही नाही.” सारजा आत गेली. कोनाड्यात बूट होते. नवे, अर्धे मऊ. एका बुटाच्या आत, टाचेपाशी, तपकिरी रंगाचा वाळका डाग होता. तिने बोट घातलं. तिथलं चामडं कडक होतं, पण पुढे चवड्याच्या जागी ते कानाच्या पाळीसारखं मऊ लागलं, आणि पाचही बोटांचे खळगे हाताला कळले. ते आबांचे होते. पुढच्या महिन्यात त्यात मालोजींची बोटं बसतील आणि लोक म्हणतील, काय पाय आहे. तिने दप्तराच्या तळातून पानं काढली. ‘आपल्या क्लबचा उज्ज्वल इतिहास.’ त्रेपन्न साली स्थापना, साहेबांचा दूरदर्शीपणा, चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न, कुठे कोणता चषक, मालोजींचे गोल मोजून एकोणचाळीस. दुसऱ्या पानाच्या शेवटी, आभाराच्या वर, एक ओळ: राखीव संघानेही वेळोवेळी मोलाचे सहकार्य केले. त्या ओळीवर आवाज जरा खाली आणायचा आणि आभाराला पुन्हा चढवायचा, असं तिचं मन आपोआप ठरवू लागलं, आणि ते ध्यानात येताच तिला स्वतःच्या गळ्याचीच किळस आली.

आबा आले. पेटी ऑफिसात पोचवून, कडांवर चालत. खाटेवर बसून ते पायांच्या चिंध्या सोडू लागले. काही झालंच नाही असे म्हणाले, “कुशे, पोरीचा आवाज काय सांगू तुला. दारापतुर ऐकू येत हुता. साहेब बी बगत ऱ्हायलं.”

“आबा,” सारजा म्हणाली. “मी हसले.”

“मग? समदेच हसलं.”

“तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान फिरवलीत.”

आबा चिंधी गुंडाळत राहिले. बराच वेळ गुंडाळली. मग सहज, पाणी मागावं तसे म्हणाले, “तू नावात माजं नाव घालत न्हाईस ना आता. डी का काय ते घालतीस. म्हनलं, न्हाई म्हाईत कुनाला, तर कशाला कळू द्यायचं. तुज्या मैतरनी हुत्या. वळख दावली आसती तर तुजी मान खाली गेली आसती.”

कुशाबाईचा हात तांदळात थांबला. काय झालं असावं हे तिला त्या एवढ्यावरून कळलं. सारजाला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल, मारेलसुद्धा. तिने एक खडा वेचून बाहेर टाकला. डी. या वर्षीच सुरू झालं होतं. कुंदाचा कॉलेजातला भाऊ तसं लिहायचा, ते झोकदार दिसायचं. दत्तोबा लिहिलं की गाव दिसायचं, टाचांच्या भेगा दिसायच्या. सर्टिफिकेटवर ते अक्षर पहिल्यांदा आलं तेव्हा आबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, ह्यो कोन? आणि ती म्हणाली होती, तुम्हीच की. ते हसले होते. त्या दिवशीही त्यांनी नजर अशीच काढून घेतली होती, आता तिला आठवलं.

“तुम्ही एकदाही मॅच खेळला नाहीत, आबा?”

“न्हाई कसं. खेळलो की. येक.” त्यांच्या तोंडावर उजेड आला. “ही मंडळी मुंबईला गेल्याली, तवा देहूरोडला मिलिटरीवाल्यांसंगं आमाला धाडलं. बूट हुतं आमच्या पायात, पर दुसऱ्या दिशी त्येच बूट मुंबईला जायाचं हुतं फायनलला. रहिमान म्हनला, राव, ह्यास्नी ओरखडा आला तर आपली धडगत न्हाई. मग काडलं समद्यांनी. रांगंनं ठिवलं झाडाखाली. अनवानीच खेळलो मिलिटरीच्या बुटांसंगं. येका गोलानं हारलो.” त्यांनी उजव्या अंगठ्याचं काळं, वाकडं नख दाखवलं. “ह्ये त्याचंच. पर त्या बुटांनी मालोजीरावांनी दोन गोल क्येलं फायनलला. चामडं आसं झालं हुतं, लोन्यावानी. त्ये म्या क्येलं हुतं.”

सारजा ताडकन उठली. तिच्या अंगात पुन्हा वारं शिरलं, आणि या खेपेला ते चांगलं वारं आहे असं तिला वाटलं. “मी हेच वाचणार रविवारी. उद्धवरावांचं नाही. अकरा जणांची नावं, कुणाचा पाय किती नंबर, कुणी कुणाचे बूट मऊ केले, देहूरोड, झाडाखालची रांग, तुमचं नख, सगळं. बघू दे सगळ्यांना. मी असं वाचीन की...”

“न्हाई,” आबा म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. तिने मात्र तो असा कधी ऐकला नव्हता.

“माजं पाय मांडू नगंस लोकांत. आज येकदा मांडलं त्यांनी. तू बी मांडशील, ते टाळ्या वाजिवतील, तुजं नाव हुईल. पाय माजंच ऱ्हात्यात ना. आनि रहिमानला इचारलंस का? बाकीच्यास्नी?”

कुणाला विचारलं होतं? तिने कुणालाच विचारलं नव्हतं. शाळेतला प्रश्न आणि आत्ताची ही गर्जना यांत तिला एकदम काही फरकच दिसेना. दोन्हींत ती उभी होती, दोन्हींत आवाज खणखणीत होता, दोन्हींत समोर टाळ्या होत्या आणि मागे दाराशी आबा पेटी घेऊन. पळून जावं तर खोली केवढी, दहा बाय दहा. ती स्वयंपाकाच्या फळीपाशी गेली आणि उगाच मिठाचा डबा उचलला. पिवळ्या पडलेल्या कागदावर पेन्सिलीचा अंगठा होता, रुंद, थोडा बाहेर वळलेला. कागदावर चढण्याआधी आबांनी पाय धुतले होते. त्या दिवशी तिला त्यांची लाज वाटली नव्हती. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती, आणि रांगेतल्या अनोळखी माणसांना ओरडून सांगत होती, ते माझे आबा, ते बघा, पाय धुतायत ते.

डबा तिने होता तसा ठेवला. मागे वळली तेव्हा आबा हळद लावत होते आणि आई त्यांच्यापुढे वाटी धरून बसली होती. दोघांनीही वर पाहिलं. ती काय विचारते, याची वाट पाहत असल्यासारखं.

“उद्धवरावांचं लिहिलंय तसंच वाचते,” सारजा म्हणाली. “पायांचं काही नाही सांगत. पण वाचायच्या आधी नाव सांगायचं असतं. ते मी पुरतं सांगनार हाय. सारजा दत्तोबा मुंगसे.”

कुशाबाईने वाटी खाली ठेवली. “आगं, मग कळंल की समद्यांस्नी. तुज्या त्या कुंदीला, कॅप्टनला, शाळंला. बापाला फिदीफिदी हसली ती हीच म्हून.”

आबांनी पाय मागे घेतले नव्हते, एवढं सारजाला दिसलं.

“कळंल,” ती म्हणाली. “कळू दे, आये. कुंदाला उद्याच सांगते. आनि रविवारी माईकवर.”